रविवारचे चार तास

माझी भाची गेली दोन वर्षं कोल्हापुरात राहते. शिरोळ तालुक्यातल्या एका गावातून ती स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी इथं आली. राजारामपुरीत कॉट बेसिसवर खोली, एका खोलीत चौघीजणी, मेसचा डबा आणि सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत अभ्यासिका, असा तिचा दिनक्रम. मध्यंतरी एका रविवारी मी तिला म्हटलं, "चल, रंकाळ्यावर एक चक्कर मारून येऊ." ती म्हणाली, "नको मामू. बाहेर गेलं की काहीतरी चोरल्यासारखं वाटतं. अब्बा तिकडं टेम्पो चालवतायत आणि मी इथं भेळ खात बसलेय, हे मनाला बरं वाटत नाही."

मी विचारलं, "मग रविवारी दिवसभर अभ्यास होतो का?"

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग हसून म्हणाली, "होत नाही. दुपारनंतर मोबाइल बघत पडून राहते. आणि मग त्याचंही वाईट वाटतं."

श्रोते हो, आज मला बोलायचंय ते या दुपारविषयी. पुण्या-मुंबईच्या मानानं लहान आणि तालुक्याच्या गावाच्या मानानं मोठ्या अशा शहरात शिकायला आलेल्या मुलामुलींनी आपल्या मोकळ्या वेळेचं काय करावं? हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण ज्या वयात माणूस घडतो, त्या वयातली दोन-चार वर्षं कशी गेली, याच्याशी तो जोडलेला आहे.

आपल्या भाषेत रिकामा वेळ आणि मोकळा वेळ असे दोन शब्द आहेत. रिकामा वेळ अंगावर येतो. मोकळा वेळ आपण राखून ठेवलेला असतो. तिसरा शब्द आहे फुरसत. हा मूळचा अरबी शब्द फारसी-उर्दूतून मराठीत आला आणि इथलाच झाला. आपण तो सवड या अर्थानं वापरतो. अरबीत मात्र त्याचा अर्थ आहे संधी. प्रवासात शब्दाचा अर्थ थोडा सरकला, पण मला दोन्ही अर्थ एकत्रच ठेवावेसे वाटतात. सवड मिळणं हीच एक संधी असते, आणि संधी वाया गेली की जी हळहळ वाटते तीच माझ्या भाचीला रविवारी संध्याकाळी वाटत होती.

वसतिगृहं बांधणारा राजा

मुलांनी फक्त अभ्यास करावा, बाकी सगळं नंतर, असं आजचे बरेच पालक म्हणतात. कोल्हापुराला मात्र वेगळी परंपरा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली इथं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. मग एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं निघत गेली. १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. खेड्यातल्या गरीब मुलाला शहरात राहायला जागा आणि जेवायला दोन घास मिळाले तरच तो शिकेल, हे महाराजांनी ओळखलं होतं. कोल्हापुराला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे.

पण त्याच वर्षांत महाराजांनी आणखी काय काय केलं ते पाहा. १९०२ साली ते विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोममधलं कलोसियम पाहिलं. परत आल्यावर कोल्हापुरात खासबाग मैदान आकाराला आलं. ते १९१२ साली पूर्ण झालं. मधोमध कुस्तीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक अशी रचना केली, की पुढच्या रांगेतल्या सरदारापासून वरच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांना कुस्ती नीट दिसावी. लगेच शेजारी १९१५ साली पॅलेस थिएटर उभं राहिलं. पुढं त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं.

म्हणजे वसतिगृहं, कुस्तीचं मैदान आणि नाट्यगृह ही तिन्ही कामं एकाच माणसानं पंधरा वर्षांच्या आत केली. पोराला जेवायला द्यावं, शिकवावं, आणि संध्याकाळी कुस्ती आणि नाटक बघायला जागाही द्यावी. करमणूक ही श्रीमंतांची चैन आहे, असं मानणाऱ्या माणसानं हे केलं नसतं. माझ्या भाचीला मी हेच सांगितलं. ज्या राजामुळे आपल्यासारख्यांच्या घरात शिक्षण आलं, त्यानं रविवारची संध्याकाळ चोरीची मानली नव्हती.

केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडत होते. त्यातल्या अनेकांनी आयुष्यातलं पहिलं नाटक तिथं, विद्यार्थी असताना, स्वस्तातल्या तिकिटावर पाहिलं होतं. एखादी इमारत जळाल्यावर गाव रडतं तेव्हा त्या इमारतीत गावाची फुरसत साठलेली असते.

खिशात पैसे नसताना

आता थोडं व्यवहाराचं बोलू. विद्यार्थ्याकडं पैसे कमी असतात, हे गृहीत धरून मी काही जागा सांगतो.

पहिली जागा रंकाळा. संध्याकाळी तिथं गर्दी असते, खाण्याच्या गाड्या असतात, आणि गाड्या असल्या की खर्च होतो. म्हणून मी सकाळी जायला सांगेन. सहा-साडेसहाला पाण्यावर धुकं असतं, पक्षी असतात आणि फिरणारी माणसं आपापल्या नादात असतात. काठावरचा संध्यामठ पाहा. पाणी चढलं की तो बुडतो आणि पाणी ओसरलं की वर येतो. याच संध्यामठाची चित्रं आबालाल रहिमान यांनी काढली. आबालाल हे कोल्हापूरच्या चित्रकलेच्या परंपरेतलं आद्य नाव. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले, शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला, आणि १९३१ साली ते गेले. शिकून मुंबईत राहण्याऐवजी ते इथं परत आले आणि कोटितीर्थ, पंचगंगा, रंकाळा या जागी हिंडत राहिले. एकच जागा वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिली. आपण म्हणतो, "रंकाळा काय, बघितलाय की!" आबालाल यांचं काम पाहिलं की कळतं, रंकाळा एकदा बघून होत नाही.

रंकाळ्यावरून परत येताना गंगावेशीतला दूधकट्टा आहे. समोर म्हशीची धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात. शहरात राहूनही दूध कुठून येतं हे जिथं दिसतं अशा जागा आता फार उरलेल्या नाहीत. खेड्यातून आलेल्या मुलाला तिथं घरची आठवण येते, आणि शहरातल्या मुलाला एक नवी गोष्ट कळते.

दुसरी जागा टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय. सोमवार सोडून कधीही जा. १८७० च्या दशकात बांधलेली ती उंच निमुळत्या शिखरांची इमारत आणि भोवतीची बाग पाहण्यासारखी आहेच. आतमध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू आहेत. ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेच्या काठची टेकडी, आपल्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावरची. तिथं १९४० च्या दशकात काशाची एक छोटी मूर्ती मिळाली. ती आहे पोसायडनची, म्हणजे ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची. कोल्हापुरात समुद्र नाही. तरीही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हा देव भूमध्य सागराकडून निघून, जहाजातून कोकणच्या बंदरात उतरून, घाट चढून इथं आला. त्या काळचा व्यापार पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपतो. या वीतभर मूर्तीसमोर पाच मिनिटं उभं राहिलं की त्या दोन ओळी जिवंत होतात. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी तर ही मूर्ती बघावीच. इतिहासाचा पेपर आहे ना!

तिसरी जागा करवीर नगर वाचन मंदिर. १८५० साली सुरू झालेलं हे ग्रंथालय आहे. अभ्यासिकेत आपण आपलीच पुस्तकं घेऊन बसतो. ग्रंथालयात आपल्याला माहीत नसलेली पुस्तकं आपली वाट बघत असतात. आठवड्यात एक तास अभ्यासक्रमाबाहेरचं पुस्तक हातात घ्यावं. ते आवडलं नाही तर परत ठेवावं. त्याबद्दल कोणी गुण कापत नाही.

चौथी जागा शिवाजी विद्यापीठाचा परिसर. विद्यापीठ १९६२ साली स्थापन झालं. त्या विस्तीर्ण माळावर आता झाडी आहे, तळी आहेत, मोरांचा वावर आहे. तिथंच वि. स. खांडेकरांच्या आठवणी जपणारं संग्रहालय आहे. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारा हा लेखक कोल्हापुरात राहत होता आणि दृष्टी गेल्यावरही सांगून लिहून घेत होता. आपल्याला अभ्यासाचा कंटाळा आला असेल तर तिथं जाऊन यावं.

राजारामपुरीत राहणाऱ्यांनी चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय चुकवू नये. पडद्यावरचे हे नायक उत्तम निसर्गचित्रं काढत. आपलं राहतं घर आणि चित्रं त्यांनी शासनाला देऊन टाकली. आणि दसरा चौकात शाहू स्मारक भवन आहे. तिथं चित्रप्रदर्शनं, व्याख्यानं, पुस्तकांचे कार्यक्रम वरचेवर होतात. बहुतेकांना तिकीट नसतं. दारावरचा फलक वाचत जायची सवय ठेवली तरी महिन्याचे दोन रविवार भरून निघतात.

पेठ, तालीम आणि फुटबॉल

बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला शहर आपलं वाटायला वेळ लागतो. कोल्हापुरात हा वेळ कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे शाहू स्टेडियममध्ये जाऊन फुटबॉलचा सामना बघणं. आपल्या राज्यात सगळीकडं क्रिकेट चालतं. इथं पेठापेठांत फुटबॉल आहे. गंमत अशी, की अनेक संघांच्या नावात 'तालीम' हा शब्द आहे. तालीम म्हणजे कुस्तीची व्यायामशाळा. पूर्वी पेठेतली पोरं तिथं जोर-बैठका मारायची. पुढं त्याच तालमींतून फुटबॉलचे संघ निघाले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावं इथल्या लहान पोरांनाही पाठ असतात. हिवाळ्यात हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. समर्थकांमध्ये कधीकधी हाणामारी होते, तेव्हा तिथून गुमान बाजूला व्हावं. एरवी दोन तास ओरडून घसा बसला की आठवड्याचा ताण उतरतो.

या तालमींची आणखी एक गोष्ट सांगतो. कोल्हापुरातल्या कितीतरी तालमींमध्ये गणपती बसतो आणि मोहरमचा पंजाही बसतो. दोन्ही एकाच वेळी आले, तर एकाच छताखाली शेजारी शेजारी बसतात. बाबूजमाल दर्ग्याच्या प्रवेशद्वारावर गणपती कोरलेला आहे. विद्यार्थ्यांनी संध्याकाळी पेठांमधून फिरावं, असं मी म्हणतो ते यासाठी. वर्तमानपत्रं आणि मोबाइल एकमेकांविषयी जे सांगतात त्यापेक्षा वेगळं काही गल्लीत दिसतं. ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं असलं की माणूस कुणाच्या भडकावण्यानं लगेच भडकत नाही.

दिवसभराची सहल

महिन्यातून एकदा शहराबाहेर पडावं. दोन ठिकाणं सांगतो.

पन्हाळा वीस किलोमीटरवर. एसटी जाते. हा गड नुसता गाडीतून उतरून, कणीस खाऊन परत यायचा नाही. चालत बघायचा. अंबरखाना म्हणजे धान्याची कोठारं. बाहेरून जिन्यानं वर जायचं, छताच्या झरोक्यांतून धान्य आत ओतायचं, अशी योजना आहे. वेढ्यात गड महिनोन्‌महिने कसा टिकतो, हे त्या भिंती पाहिल्यावर कळतं. अंधारबाव म्हणजे इमारतीच्या पोटात लपवलेली विहीर. शत्रूनं पाण्यात विष कालवू नये म्हणून केलेली ही सोय. याच गडावर सिद्दी जौहरचा वेढा पडला होता आणि १६६० च्या जुलैमध्ये, भर पावसाच्या रात्री, शिवाजी महाराज इथून विशाळगडाकडं निघाले. दर जुलैमध्ये तरुणांचे जथ्थे त्या वाटेनं पावनखिंडीपर्यंत चालत जातात. एकदा तरी त्यांच्याबरोबर जावं, मात्र माहितगार गटाबरोबरच. मोरोपंतांचा जन्मही १७२९ साली पन्हाळ्यावरच झाला, हे मी कवी म्हणून अभिमानानं सांगतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी वारशाचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात पन्हाळा आहे. जगातली माणसं आता तो बघायला येतील. वीस किलोमीटरवर राहून आपण तो बघितला नाही, असं व्हायला नको.

दुसरी सहल रेल्वेची. सकाळच्या पॅसेंजरनं मिरजेला जायचं. तिकीट चहा-वड्याच्या खर्चात बसतं. वाटेत रुकडीजवळ पंचगंगा लागते, जयसिंगपूर सोडलं की कृष्णा लागते. मिरजेत दर्ग्याजवळ वाद्यं तयार करणाऱ्यांची गल्ली आहे. सतारी आणि तंबोरे करणारी ही घराणी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतात. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकतो. तो वाळवून, कापून, लाकडी दांडीला जोडतात. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा घासून घासून असा करतात, की तार तिला अलगद चाटत राहावी. त्यातून तंबोऱ्याचा तो गुंजणारा नाद येतो. तिला जवारी म्हणतात. जवारी यंत्रानं मोजत नाहीत, कानानं ओळखतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कारागिराला आदरानं "बघू का चाचा?" असं विचारलं तर तो काम दाखवतो. फक्त त्याचा वेळ फार घेऊ नये, आणि फोटो विचारूनच काढावा. मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरातच किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ विसावले आहेत. ते १९३७ साली गेले. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, मोठे मोठे गवई येऊन गातात, आणि ऐकणारा कुठल्या धर्माचा किंवा किती पैशांचा हे कोणी विचारत नाही.

शेवट काय झाला?

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. आतापर्यंत सांगितलेल्या जागा सगळ्यांसाठी खुल्या आहेत, असं आपण म्हणतो. तशा त्या खरोखर आहेत का?

मी बी.ए.ला असताना राज्य नाट्यस्पर्धेची नाटकं बघायला जायचो. १९९० च्या आसपासची गोष्ट. आमच्या वर्गात एक मुलगी होती. मराठीत हुशार, कवितेची जाण माझ्यापेक्षा चांगली. तीही नाटकाला यायची. पण तिच्या वसतिगृहाचं दार ठरल्या वेळी बंद व्हायचं. त्यामुळे दुसरा अंक संपत आला की ती उठायची. मी मात्र शेवटपर्यंत बसायचो, बाहेर चहा प्यायचो, मित्रांबरोबर नाटकावर भांडायचो आणि एक वाजता खोलीवर यायचो. दुसऱ्या दिवशी वर्गात ती विचारायची, "शेवट काय झाला?" मी सांगायचो, आणि सांगताना मला आपण फार मोठे झाल्यासारखं वाटायचं. त्या अख्ख्या हंगामात तिनं एकाही नाटकाचा शेवट पाहिला नाही, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. आज लक्षात येतं आणि लाज वाटते. माझं नाटकाचं शिक्षण त्या शेवटच्या अंकांनी आणि नंतरच्या चहानं केलं. तिला ते मिळालं नाही, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता.

आज काळ बदलला, असं आपण म्हणतो. मुली गाड्या चालवतात, कुस्ती खेळतात, फुटबॉल खेळतात. तरीही रविवारी संध्याकाळी शहरातल्या कट्ट्यांवर नजर टाका. मुलांचे घोळके निवांत बसलेले दिसतात. मुली चालताना दिसतात, कुठंतरी जाताना किंवा कुठूनतरी येताना. काही काम नसताना नुसतं बसून राहिलेल्या मुली कमी दिसतात. काम नसताना सार्वजनिक जागी बसता येणं, हीच तर खरी फुरसत. ती अर्ध्या विद्यार्थ्यांना अजून पुरती मिळालेली नाही.

यावर उपाय फार मोठे नाहीत. तळ्याकाठी आणि बागेत उजेड असावा. स्वच्छतागृह असावं, आणि ते उघडं असावं. नाटक सुटल्यावर मिळेल अशी केएमटीची एखादी बस असावी. वसतिगृहांनी आणि घरमालकांनी महिन्यातून दोनदा, आधी सांगून, उशिरा यायची मुभा द्यावी. पालकांनी फोनवर "अभ्यास झाला का?" याच्या जोडीला "या आठवड्यात काय बघितलंस?" असंही विचारावं. एवढ्या एका प्रश्नानं मुलीच्या मनावरचं ओझं अर्धं होतं. मार्च २०२३ मध्ये एसटीत महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास सुरू झाला, तेव्हा कितीतरी मायलेकी पहिल्यांदाच देवदर्शनाच्या निमित्तानं का होईना, बाहेर पडल्या. सोय झाली की माणसं बाहेर पडतात, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे.

अशीच अडचण गरीब मुलांची. दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी दुकानात काम करणाऱ्या मुलाला रविवारही पूर्ण मिळत नाही. त्याला मित्रांनी "तू कधी येतच नाहीस" असं हिणवू नये. त्याच्या वेळेत, त्याला परवडेल तिथं जावं. टोळीत ज्याच्या खिशात सगळ्यात कमी पैसे, त्याच्या हिशेबानं सहल ठरवावी. हा नियम आम्ही पाळत होतो. तेव्हाची मैत्री आजही टिकून आहे.

थोडे नियम

शेवटी चार साध्या गोष्टी. आठवड्यातले चार तास आधीच राखून ठेवा, वहीत लिहा. उरलेला वेळ म्हणून फुरसत शोधली तर ती सापडत नाही. महिन्यात दोन रविवार फुकटातल्या जागा, एक रविवार थोड्या खर्चाचा, आणि एक दिवस बाहेरगावची सहल, असा हिशेब बसतो.

निघताना कुठं जातोय आणि कधी येणार, हे खोलीतल्या कुणाला तरी सांगून जा. परतीची शेवटची गाडी कधी, हे उतरल्याबरोबर विचारून ठेवा.

पाण्याशी मस्ती करू नका. पंचगंगा पात्र सोडून बाहेर आली की काय होतं, हे या शहरानं २०१९ आणि २०२१ साली पाहिलं आहे. एरवीही घाट, तळं, धबधबा या जागी पोहता येणाऱ्याचेही पाय शेवाळावरून सुटतात. तिथं फोटोसाठी कडेला जाऊ नका.

आणि मोबाइल खिशात ठेवा. फोटो एक-दोन काढा. संध्यामठाकडं आबालाल तासन्‌तास बघत बसायचे. आपल्याला दहा मिनिटं तरी जमावं.

माझी भाची पुढच्या रविवारी आली. सकाळी साडेसहाला आम्ही रंकाळ्यावर गेलो. तिनं खोलीतल्या दोघी मैत्रिणींनाही उठवून आणलं होतं. एक बार्शीची आणि एक गडहिंग्लजची. तिघी पुढं चालत होत्या, मी मागं. परीक्षेचं बोलणं पहिली दहा मिनिटंच टिकलं. मग त्या आपापल्या गावच्या तळ्यांविषयी बोलायला लागल्या. कुणाच्या तळ्यात कमळं, कुणाच्या तळ्यात म्हशी. नऊ वाजता त्या अभ्यासिकेत परत गेल्या.

रात्री तिचा फोन आला. म्हणाली, "मामू, आज दुपारी झोप आली नाही. दोन प्रकरणं झाली." मी म्हटलं, "बरं झालं." ती म्हणाली, "आणि नाही झाली असती तरी चाललं असतं. पुढच्या रविवारी टाऊन हॉलला जाणार आहोत. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

शेवटचं वाक्य ऐकून मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)